तुम्ही की दाबता, पण प्रोग्रॅमला ती मिळते कधी?

टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या मजकुराने कमांड द्यायच्या खिडकीत, नाव विचारणारा पहिला छोटा प्रोग्रॅम लिहिला की वाटतं, आपण एकेक अक्षर टाइप करतोय तसं ते लगेच प्रोग्रॅमला पोचतंय. छे, तसं काही नसतं. तुम्ही टाइप करता, चुकता, बॅकस्पेसने खोडता, परत टाइप करता, आणि यातलं काहीच प्रोग्रॅमला माहीत नसतं, तो रीड कॉलवर, म्हणजे इनपुट मागून त्याची वाट बघत, निवांत झोपलेला असतो. हे सगळं बघतो कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, टीटीवाय ड्रायव्हर. अक्षरं जमवायची, स्क्रीनवर उमटवायची, खोडायची ही कामं त्याची, आणि एंटर दाबला की मगच अख्खी ओळ प्रोग्रॅमच्या हातात पडते. टीटीवाय हे नाव आलंय टेलिटाइपवरून, म्हणजे कीबोर्डवर टाइप केलेलं कागदावर छापणारं यंत्र. ती यंत्रं कधीच गेली, नाव मात्र चिकटलंय.

कंट्रोल-सी घ्या. संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा, म्हणजे कोड असतो. मोठ्या सीचा कोड 67, कंट्रोल धरला की त्यातले 64 जातात आणि उरतो 3. ड्रायव्हरला हा 3 दिसला की तो पुढे देतच नाही, थेट प्रोग्रॅमला थांबायचा सिग्नल पाठवतो. याच हिशोबाने कंट्रोल-आय म्हणजे 9, आणि टॅबचा कोडही 9च, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या टर्मिनलमध्ये तुम्ही नक्की काय दाबलंत हे प्रोग्रॅमला कळायला मार्गच नाही.

कंट्रोल-डी तर याहून गमतीशीर. त्याचा अर्थ ‘इनपुट संपलं’ असं सगळे सांगतात, पण तो खरं म्हणजे ड्रायव्हरला एवढंच सांगतो की जमलंय तेवढं आत्ताच देऊन टाक. ओळ रिकामी असेल तर शून्य बाइट जातात आणि प्रोग्रॅम समजतो की संपलं. म्हणून अर्धवट ओळीवर तो दोनदा दाबावा लागतो.

आता एडिटर किंवा गेम लिहायचा तर एंटरची वाट बघून कसं चालेल? मग प्रोग्रॅम ड्रायव्हरला सांगतो की तू मधे पडू नकोस, याला रॉ मोड म्हणतात. इथे प्रत्येक की लगेच मिळते पण सगळी उठाठेवही आपल्याच गळ्यात, अगदी बॅकस्पेससुद्धा. वरचा बाण दाबला तर एक नाही, तीन बाइट येतात: 27, 91, 65. आणि नुसती एस्केप की पण 27च पाठवते! मग 27 आला तर ही नुसती एस्केप, का बाणाची सुरुवात? याला धड उत्तर नाही, बहुतेक प्रोग्रॅम काही मिलिसेकंद थांबून बघतात की मागून अजून काही येतंय का. काही एडिटरमध्ये एस्केप दाबल्यावर किंचित अडकल्यासारखं होतं ते यामुळेच.

देवनागरीत अजून एक घोळ आहे. ‘कि’ दिसायला एक अक्षर, पण यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, क चे 3 बाइट आणि वेलांटीचे 3, म्हणजे 6. लिनक्सच्या ड्रायव्हरला यूटीएफ-8 चालू आहे हे सांगितलेलं नसेल तर बॅकस्पेस एकच बाइट खोडतो आणि मागे अर्धवट कचरा राहतो, सांगितलेलं असेल तर आधी फक्त वेलांटी जाते.

माझा स्वतःचा प्रोग्रॅम रॉ मोडमध्येच क्रॅश झाला होता एकदा, नंतर काही टाइप करा, स्क्रीनवर अक्षर उमटेना, मी सरळ खिडकी बंद करून टाकली. नंतर कळलं की टर्मिनल ताळ्यावर आणायला न दिसताच एसटीटीवाय, स्पेस, सेन (stty sane) असं टाइप करायचं, आणि एंटर चालत नसेल तर कंट्रोल-जे.