लिलावातून आदिवासी कलावस्तू घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी

"कॅटलॉगातला तो बस्तरचा घोडेस्वार घ्यावा का?" असे फोन आम्हाला बहुधा लिलावाच्या आदल्या संध्याकाळी येतात. तेवढ्या वेळात वस्तू देखणी आहे की नाही एवढंच सांगता येतं, आणि ते तुम्हाला आमच्याशिवायही दिसत असतं. वस्तू कुठल्या घरातून आली, मध्ये कुणाकुणाकडे होती, तिचं वय कशावरून सांगितलंय आणि ती विकायचा हक्क विकणाऱ्याला आहे का, हे शोधायला वेळ लागतो. हे पत्रक त्याच शोधाबद्दल आहे.

आम्ही लिलावगृह नाही, दुकानही नाही. ग्राहकाच्या वतीने वस्तू पाहायची, कागद तपासायचे आणि सांगाल त्या आकड्यापर्यंत बोली लावायची, एवढंच आमचं काम. आमची फी ठरावीक असते. ती बोलीच्या टक्क्यांत घेत नाही, कारण बोली चढल्यावर आमचा खिसा भरणार असेल तर आमच्या सल्ल्यावर तुम्ही विश्वास का ठेवावा?

बोली एक, बिल दुसरं

हातोडा पडतो तो आकडा म्हणजे तुमचा खर्च नव्हे. त्यावर लिलावगृहाचा बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन, लागतो. भारतात तो साधारण वीस टक्क्यांच्या आसपास असतो, परदेशात अनेक ठिकाणी त्याहून जास्त. उदाहरणार्थ, बोली १,००,००० रुपयांवर थांबली आणि प्रीमियम २० टक्के असेल, तर २०,००० प्रीमियमचे, प्रीमियमवर १८ टक्के जीएसटीचे ३,६०० आणि वस्तूवर ५ टक्क्यांचे ५,००० मिळून बिल १,२८,६०० रुपयांचं होतं. चित्रं, शिल्पं आणि पुराणवस्तूंवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्यामुळे जुनी बिलं समोर ठेवून हिशेब करू नका. पॅकिंग, विमा आणि वाहतूक वेगळी. परदेशी लिलावात एखाद्या संकेतस्थळामार्फत बोली लावली तर त्याचेही काही टक्के वर लागतात, शिवाय इथे पोचल्यावर सीमाशुल्क. पैसे बाहेर पाठवायला रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. आमच्या ग्राहकांपैकी कुणाला ती अजून आडवी आलेली नाही.

कॅटलॉगात छापलेला एस्टिमेट हा किमतीचा अंदाज असतो. रिझर्व्ह, म्हणजे ज्याखाली वस्तू विकली जाणार नाही तो आकडा, सहसा गुप्त ठेवतात आणि तो एस्टिमेटच्या खालच्या टोकापेक्षा वर नसतो. एस्टिमेट संशयास्पद कमी दिसला तर खूश होऊ नका. एक तर गर्दी जमवायला तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो, नाहीतर लिलावगृहालाच वस्तूची खात्री नसते.

कागद आधी, वस्तू मागाहून

या क्षेत्रात किंमत वस्तूइतकीच तिच्या इतिहासाला मिळते. फ्रान्समधलं एक अलीकडचं प्रकरण बघा. तिथल्या एका वृद्ध जोडप्याने माळा आवरताना सापडलेला एक लाकडी मुखवटा जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला १५० युरोला दिला. तो निघाला आफ्रिकेतल्या गॅबन देशातल्या फांग लोकांचा 'न्गिल' मुखवटा. वसाहतकाळात अधिकारी असलेल्या एका पूर्वजाने तो तिथून आणला होता. वयाची चाचणी झाली, तज्ज्ञाचा अहवाल आला, पूर्वजाचं नाव जोडलं गेलं आणि मार्च २०२२ मध्ये माँपेलिएच्या लिलावात तोच मुखवटा ४२ लाख युरोला गेला. जोडप्याने व्यापाऱ्यावर दावा लावला. गॅबन सरकारनेही मुखवटा परत मागितला. डिसेंबर २०२३ मध्ये आलेस इथल्या न्यायालयाने दोन्ही मागण्या फेटाळल्या. लाकूड तेच होतं. १५० युरोवरून ४२ लाखांवर नेणारी गोष्ट म्हणजे त्याच्या मागचे कागद.

म्हणून लिलावगृहाला आमचा पहिला प्रश्न प्रोव्हेनन्सबद्दल, म्हणजे वस्तू कुठून कुणाकडे गेली या इतिहासाबद्दल, असतो. 'खासगी संग्रह, युरोप' या तीन शब्दांना आम्ही उत्तर समजत नाही. जुनं बिल, पत्र, प्रदर्शनाचं कॅटलॉग, पाठीमागे चिकटवलेली चिठ्ठी, घरातला जुना फोटो ज्यात भिंतीवर ती वस्तू दिसते, यातलं काहीतरी हवं. वस्तू मूळची भारतातली असून परदेशात विकली जात असेल, तर ती १९७२ च्या आधी इथून बाहेर गेल्याचा पुरावा मागायचाच. तो नसेल तर तिच्यावर उद्या भारत सरकार हक्क सांगू शकतं, आणि तेव्हा तुमच्या हातात फक्त पावती उरते.

कॅटलॉगची भाषाही नीट वाचा. कलाकाराचं नाव सरळ लिहिलेलं असणं वेगळं, 'ॲट्रिब्यूटेड टू' (बहुधा त्याचं) वेगळं आणि 'स्टाइल ऑफ' (त्याच्या शैलीतलं) तर फारच वेगळं. शेवटच्या प्रकारात लिलावगृहाने हात झटकलेले असतात.

आपल्याकडचा कायदा

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा, अंमलात आला १९७६ मध्ये. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकृती, हस्तकौशल्याची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू म्हणजे पुरावशेष; हस्तलिखितांसाठी मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. 'आदिवासी वस्तूला कशाला लागतोय कायदा, ती काय राजवाड्यातली आहे?' असं आम्हाला नेहमी ऐकायला मिळतं. कायदा वय बघतो, मालकाची जात-जमात बघत नाही. बस्तरची शंभर वर्षांपूर्वीची पितळी देवी आणि चोळांची कांस्यमूर्ती दोन्ही त्याच कलमात बसतात.

धातू, दगड, भाजलेली माती, हाड आणि लाकूड यांतली जुनी शिल्पं आणि जुनी चित्रं पुरातत्त्व विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागतात. हात बदलले की तेही कळवावं लागतं. लिलावात अशी वस्तू घेतलीत तर नोंदणी प्रमाणपत्र बिलासोबतच मागून घ्या. 'नंतर पाठवतो' ला हो म्हणू नका. पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, तोही विचारायला लाजू नये.

पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. पुण्यात घेतलेला जुना मुखवटा न्यू जर्सीतल्या लेकीला द्यायचा बेत असेल तर तो बेत सोडा. नवी पण जुनी दिसणारी वस्तू, समजा मागच्या दिवाळीत बस्तरकडच्या कोंडागावहून आणलेला काळपट पितळी हत्ती, सामानातून नेताना विमानतळावर अडवली जाऊ शकते. त्यासाठी वस्तू पुरावशेष नसल्याचा पुरातत्त्व विभागाचा दाखला आधी काढावा. परदेशी खरेदीदार बोलीत उतरत नाहीत म्हणून भारतातल्या लिलावात अस्सल जुन्या वस्तू बऱ्याचदा लंडन-पॅरिसपेक्षा स्वस्त मिळतात. निर्यातबंदीचा हा फायदा फक्त इथेच राहणाऱ्या संग्राहकाला मिळतो.

१९७२ चा दुसरा कायदा वन्यजीवांचा. धनेशाची पिसं खोवलेलं नागा शिरोभूषण, वाघनखांची माळ, हस्तिदंती बाजूबंद, अस्वलाच्या केसांची टोपी, कितीही जुनं असलं तरी आम्ही बोली लावत नाही. 'आजोबांच्या काळातलं आहे' ही सबब वनखात्यापुढे टिकत नाही. नागालँडमधल्या हॉर्नबिल (म्हणजे धनेश) महोत्सवातही आता कित्येक जण नकली पिसंच वापरतात. तशी पिसं असतील तर आमची हरकत नाही, पण तो लॉट, म्हणजे लिलावात क्रमांक देऊन मांडलेली ती वस्तू, जुना म्हणून विकला जाऊ नये.

नाव असलेला हात

नव्याने सुरुवात करणाऱ्याला आमचा सल्ला ठरलेला आहे : जुन्या वस्तूंच्या मागे लागू नका, नाव असलेल्या चित्रकारांची चित्रं घ्या. कागद आणि कापडावरच्या वारली व गोंड चित्रांचा इतिहास इतका अलीकडचा आहे की तो तपासता येतो.

वारल्यांकडे लग्नाचा चौक भिंतीवर सुवासिनी काढायच्या, आणि लग्न आटोपल्यावर तो भिंतीबरोबरच फिका होत जायचा. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर फिरले, कागद-रंग दिले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांचा हात लोकांना दिसला. १९८९ साली पॅरिसच्या 'मॅजिसियाँ द ला तेर' या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. त्याच पॅरिसच्या प्रदर्शनात मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम होते. त्यांना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणलं होतं. २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते, त्यामुळे त्यांची चित्रं मर्यादित आणि बाजारात मागणी मोठी. मागणी मोठी तिथे नकलाही आल्याच. दोघांच्याही घरात पुढची पिढी त्याच वळणाची चित्रं काढते. ती चित्रं चांगली असतात, पण बाप-लेकांच्या किमतीत फार अंतर असतं. म्हणून सही पुरेशी नाही. चित्र कुणी, कोणत्या साली, कुणाकडून घेतलं हे विचारायचं. जिव्यांचं सत्तरच्या दशकातलं म्हणून आलेलं चित्र जर चकचकीत ॲक्रिलिकने आणि आजच्या कॅनव्हासवर काढलेलं असेल, तर पुढे वाचायचं कारण नाही.

भूरीबाई, भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम हे पद्मश्री मिळालेले चित्रकार आजही काम करतात. त्यांचं चित्र लिलावात चढ्या भावाने घेण्याआधी थेट त्यांच्याकडे किंवा त्यांच्या गॅलरीत विचारा. पैसा चित्रकाराकडे जातो आणि चित्राचा कागदही सर्वांत भक्कम मिळतो. आणखी एक गोष्ट, जी लिलावगृहं क्वचितच सांगतात : स्वामित्व हक्क अधिनियमाच्या ५३-अ कलमाप्रमाणे दहा हजार रुपयांवर पुन्हा विकल्या गेलेल्या मूळ चित्रात चित्रकाराचा किंवा वारसांचा वाटा असतो, जास्तीत जास्त दहा टक्के. ही तरतूद प्रत्यक्षात फारशी वापरली जात नाही. आमच्या ग्राहकांपैकी कुणी चित्र विकायला काढलं तर आम्ही त्यांना ती निदान दाखवतो.

ढोकरा आणि मुखवटे

इथे फसवणूक सर्वांत जास्त. ढोकऱ्यात मातीच्या गाभ्यावर मेणाच्या दोऱ्या गुंडाळून नक्षी करतात, वर मातीचे थर देतात, भाजताना मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून दोन वस्तू तंतोतंत सारख्या नसतात. एकाच लिलावात किंवा दोन शहरांत हुबेहूब जोडी दिसली, तर ती ढोकऱ्याच्या पद्धतीची नाही. बस्तरच्या घडवा कारागिरांची आजची कामंही उत्तम असतात. अडचण त्यांच्या कामाची नाही, मधल्या दलालाची आहे. नवं पितळ तो आम्लात बुडवतो, शेणात पुरतो आणि शंभर वर्षं चढवतो.

झीज कुठे आहे ते बघा. देवघरातली मूर्ती जिथे हळद-कुंकू लागतं, जिथे हात पोचतो, तिथे गुळगुळीत होते. नाक, गुडघे, घोड्याची मान. खोबणीत जुना मळ घट्ट बसलेला असतो. नकली जुनेपण सगळीकडे सारखं असतं आणि ओल्या कापसाला रंग सोडतं. आतली माती उरली असेल तर ती खरवडू नका, तपासणीला तीच उपयोगी पडते.

मुखवटा नेहमी उलटा करून बघायचा. घातलेला असेल तर कपाळ आणि नाकाच्या जागी घामाने काळसर तुकतुकी येते, दोरीची भोकं एका बाजूला ओढली जातात. समोर धुराने काळा आणि आत कोरा पांढरा, म्हणजे तो कुणाच्या चेहऱ्यावर चढलेलाच नाही. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवातले, मुखवटे लिलावात आले तर आम्ही आणखी एक चौकशी करतो. तिथे अनेक गावांत सोंगाचा मान घराण्याकडे असतो. मुखवटा मग घराच्या संमतीने विकला की कुणी चोरून आणून विकला, हे आम्हाला कळलंच पाहिजे.

आणि टाक. परदेशी कॅटलॉगात कधी कधी 'ट्रायबल सिल्व्हर प्लाक' म्हणून खंडोबाचे, म्हाळसेचे, अगदी कुणाच्या पूर्वजांचेही टाक दिसतात. ते आदिवासी आहेत असं लिहिणाऱ्याने महाराष्ट्रातलं एकही देवघर पाहिलेलं नाही. असे टाक परत आणायला मदत करतो. शोभेसाठी घ्यायला नाही.

ज्यावर आम्ही बोली लावत नाही

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या एका लिलावात शिंगं लावलेली नागा माणसाची कवटी ३,५०० ते ४,००० पौंडांच्या एस्टिमेटने लागली होती. नागालँडमधून संताप उसळला, मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि लॉट मागे घ्यावा लागला. मानवी अवशेष, स्मशानातले किंवा थडग्यावरचे स्मृतिखांब, आजही पूजेत असलेल्या वस्तू, यांना आमच्याकडे थेट नकार आहे, विक्री कायदेशीर असली तरी. पॅरिसमध्ये २०१३ साली अमेरिकेतल्या होपी लोकांच्या पवित्र वस्तूंचा लिलाव थांबवायला न्यायालयाने नकार दिला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या विक्रीत ॲननबर्ग फाउंडेशनने २४ वस्तू विकत घेऊन मूळ जमातींना परत केल्या. तुमच्यापैकी कुणाला तशी खरेदी करायची असेल तर आम्ही फी घेणार नाही.

घरी आणल्यावर

पितळेला चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका. वर्षानुवर्षांची झिलई पाच मिनिटांत जाते आणि तिच्याबरोबर निम्मी किंमतही. कोरडं मऊ कापड पुरे. लाकडाखाली बारीक भुसा पडलेला दिसला तर किडा जिवंत आहे. ती वस्तू बाकीच्यांपासून ताबडतोब दूर ठेवा आणि आम्हाला कळवा. पावसाळ्यात कागदावरची चित्रं बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, काच चित्राला टेकू देऊ नका.

आम्हाला निदान आठ दिवस आधी लॉटचा क्रमांक कळवा. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या स्थितीचा अहवाल, आम्ही मागवतो, आणि समोरून, मागून, आतून, तळातून असे फोटोही. लिलाव मुंबई-पुण्यात असेल तर प्रदर्शनाच्या दिवशी वस्तू हातात घेऊन बघतो, तुम्हीही या. त्याआधी सवड काढून पुण्यातलं आदिवासी संग्रहालय आणि जमल्यास भोपाळची दोन्ही संग्रहालयं, जनजातीय संग्रहालय आणि मानव संग्रहालय, पाहून घ्या. बोलीची कमाल मर्यादा लेखी द्या, सगळे कर आणि प्रीमियम धरून. लिलाव सुरू असताना फोनवर वाढवलेली मर्यादा आम्ही स्वीकारत नाही.