तांबड्या शाईचा हिशेब

निबंधाची वही परत मिळाल्यावर विद्यार्थी आधी गुण बघतो, मग शेजारच्याचे गुण बघतो आणि वही मिटतो. पानभर केलेल्या खुणा, चुकलेल्या वेलांटीभोवतीची गोल कडी, समासातलं ‘वाक्यरचना सुधारा’ हे सगळं जागच्या जागी राहतं. तपासणाऱ्याची मात्र त्या एका वहीवर दहा-पंधरा मिनिटं गेलेली असतात. या कष्टांतून लेखन नेमकं किती सुधारतं, हा प्रश्न संशोधकांनी गेली साठेक वर्षं लावून धरला आहे. उत्तर शिक्षकांना सुखावणारं नाही.

पहिला धक्का व्याकरणाला बसला. १९६३ साली रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तोवरच्या लेखनविषयक संशोधनाचा आढावा घेतला. वाक्यांचं पृथक्करण आणि व्याख्या अशा स्वरूपाचं सुटं व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारण्यावर नगण्य परिणाम होतो, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. उलट, प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ त्यात जात असल्यामुळे नुकसानच होऊ शकतं, अशी पुस्तीही जोडली. १९७०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये विद्यार्थ्यांचे गट तीन वर्षं वेगवेगळ्या पद्धतीने शिकवून पाहिले. काहींना व्याकरण होतं, काहींना त्याऐवजी जास्तीचं वाचन आणि लेखन. लेखनाच्या दर्जात म्हणावा असा फरक पडला नाही.

पुढे २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरचे अनेक प्रयोग एकत्र करून प्रत्येक पद्धतीचं वजन काढलं. हे वजन मोजायचं एकक असं: शून्य म्हणजे परिणाम नाही, ०.८च्या आसपास म्हणजे दणदणीत. सुट्या व्याकरणाच्या वाट्याला उणे ०.३२ आलं. या आकड्यावर फार उड्या मारू नयेत. त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत व्याकरणाचा वर्ग हा नव्या पद्धतीशी तुलना करण्यापुरताच घेतलेला होता, त्यामुळे त्याच्या बाजूने जीव तोडून शिकवणारं कोणी नसणार. शिवाय डेब्रा मायहिल यांच्या गटाने २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये दाखवलं, की तेच व्याकरण लिहिता लिहिता शिकवलं, म्हणजे ‘हे क्रियापद इथून उचलून तिथे ठेवलं तर काय होतं बघ’ असं, तर फायदा होतो. तो जास्त झाला आधीच बरं लिहिणाऱ्यांना.

म्हणजे चूक व्याकरणाची नाही. मग अडतं कुठे?

१९८० साली नॅन्सी सॉमर्स यांनी वीस विद्यार्थी आणि वीस अनुभवी लेखक घेतले. प्रत्येकाने तीन मजकूर लिहायचे, प्रत्येक मजकूर दोनदा पुन्हा लिहायचा, आणि त्यावर बोलायचं. पुनर्लेखन म्हणजे काय, असं विचारल्यावर विद्यार्थ्यांच्या बोलण्यात शब्द आले: हा खोडला, तो बदलला, एकच शब्द दोनदा आला म्हणून दुसरा शोधला. अनुभवी मंडळी आपल्या म्हणण्याला आकार शोधत होती, आणि वाचताना कोणाला काय वाटेल याचा अंदाज घेत होती. त्यांच्या डोक्यात एक वाचक बसलेला होता. विद्यार्थ्यांच्या डोक्यात लाल पेन होतं.

हा फरक एका छोट्या उदाहरणात बघू. समजा, विद्यार्थ्याने सूचिछिद्र कॅमेरा, म्हणजे बारीक भोकातून आलेल्या उजेडाने कागदावर चित्र उमटवणारा डबा, कसा बनवायचा ते लिहिलं आहे:

‘एक डबा घ्या. डब्याला भोक पाडा. मग समोर पातळ कागद लावा. त्यातून बघा. चित्र उलटं दिसेल.’

लाल पेन काय करेल? ‘भोक’च्या जागी ‘छिद्र’ करेल, पुढे ‘वाक्ये जोडा’ लिहील आणि दहापैकी सात देईल. आता हाच मजकूर कधीही असा कॅमेरा न पाहिलेल्या माणसाला द्या आणि डबा हातात घेऊन मोठ्याने विचार करायला सांगा. ‘भोक पाडा... कुठे? बुडाला की बाजूला? केवढं? पेन्सिल जाईल एवढं पाडतो. समोर कागद. समोर म्हणजे आत की बाहेर? झाकणाच्या जागी लावतो. त्यातून बघा. कशातून, भोकातून? बघतोय. काही नाही दिसत.’

पाचही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आहेत, तरी कॅमेरा बनला नाही. बराचसा घोटाळा ‘समोर’ आणि ‘त्यातून’ या दोन शब्दांनी केला, आणि त्यांच्याभोवती कोणी लाल कडं काढलं नसतं, कारण तपासणाऱ्याला कॅमेरा ठाऊक असतो.

लिहिणाऱ्यालाही तो ठाऊक असतो, हीच अडचण. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काहींना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला सांगितला आणि समोरच्यांना गाणं ओळखायला. ठेका धरणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी गाणी तरी ओळखतील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या कानात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. आपलंच लिखाण वाचताना आपण नेहमी वाजवणाऱ्याच्या खुर्चीत असतो. ‘पुन्हा एकदा वाचून बघ’ हा सल्ला बहुतेक वेळा वाया जातो, तो त्यामुळेच.

त्या खुर्चीतून उठवायचं कसं, याचा एक सुरेख प्रयोग कॅरन श्रायव्हर यांनी केला. तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना सदोष मजकूर दिले आणि वाचक कुठे अडखळेल याचा अंदाज बांधायला लावला. नंतर खऱ्या वाचकांनी तो मजकूर वाचताना मोठ्याने केलेल्या विचारांची लेखी नोंद त्यांच्या हातात दिली. असे काही धडे झाल्यावर विद्यार्थी अगदी नव्या मजकुरातही वाचकाची अडचण आधीच हेरू लागले. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांपेक्षा ते यात सरस ठरले.

दुसऱ्याचं लिखाण तपासण्याचा परिणामही याच जातीचा. २००९ मध्ये क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांचे दोन गट केले: एकाने फक्त अभिप्राय द्यायचे, दुसऱ्याने अभिप्राय वापरून मजकूर सुधारायला शिकायचं. लेखन जास्त सुधारलं ते देणाऱ्यांचं. दोन वर्षांनी भौतिकशास्त्राच्या प्रयोगअहवालांवर क्वांगसू चो आणि चार्ल्स मॅकआर्थर यांना दिसलं, की इतरांचे अहवाल नुसते वाचणाऱ्यांपेक्षा ते तपासून शेरे लिहिणाऱ्यांनी पुढचा अहवाल चांगला लिहिला. म्हणजे वहीवर दहा-पंधरा मिनिटं घालवून शिकतो तो तपासणारा. आपण ती संधी वर्षानुवर्षं चुकीच्या माणसाला देत आलो आहोत.

अर्थात वाचक डोक्यात ठेवायचा तर डोक्यात जागा हवी. लिहिताना अक्षर, शुद्धलेखन, पुढचं वाक्य आणि एकूण मांडणी या सगळ्यांची एकाच तोकड्या कार्यस्मृतीत, म्हणजे हातातलं काम तेवढ्यापुरतं धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, रेटारेटी चालते. म्हणून ग्रॅहम-पेरिन यांच्या यादीत वरचा क्रमांक, ०.८२, आखणी आणि सुधारणेच्या ठोस युक्त्या शिकवण्याला मिळाला. यात शिक्षक फळ्यावर स्वतः लिहितो, अडतो, खोडतो, आणि ‘हे इथे का चालत नाही’ ते बोलून दाखवतो. सुटी वाक्यं जोडण्याच्या सरावाला ०.५० मिळाले. ‘मधमाशी परत आली. ती नाचली. तिने फुलांची दिशा सांगितली.’ याचं ‘परत आलेल्या मधमाशीने नाचून फुलांची दिशा सांगितली’ होतं, किंवा ‘फुलांची दिशा सांगायला मधमाशी परत येऊन नाचली’. दुसऱ्या वाक्यात मधमाशीला हेतू चिकटला. कृदंताची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता त्या डब्याकडे परत येऊ. वाचकाची फजिती पाहिल्यानंतरचा दुसरा खर्डा असा असू शकेल: ‘डब्याच्या बुडाला मधोमध टाचणीने बारीक छिद्र पाडा. झाकण काढून त्या तोंडावर पातळ कागद ताणून बसवा. छिद्र उजेडातल्या वस्तूकडे धरा आणि डोळा न लावता, हातभर अंतरावरून कागदाकडे बघा.’ वाचकाने सगळं केलं, कागदावर काहीतरी अंधुक हललं, आणि तो म्हणाला, ‘इथे खोलीत फार उजेड आहे. डोक्यावर चादर घेऊ का?’

तिसरा खर्डा.