आबाजींची डायरी, पलटणीची डायरी : घरच्या युद्धकथेचा शोध आम्ही कसा घेतो

“आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेले होते.” एवढ्या एका वाक्यावरही शोध सुरू होतो. पुढे जायला मात्र पलटणीचे नाव लागते. म्हणून नागपुरातल्या सीताबर्डीच्या आमच्या कार्यालयात पहिल्यांदा येताना पेन्शनचे पुस्तक, मनिऑर्डरच्या पावत्या, पत्रे, फोटो, जे काही जुने सापडेल ते घेऊन या. पदक असेल तर फारच उत्तम. पहिल्या महायुद्धाच्या बहुतेक पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. कृपया ते चिंचेने किंवा राखेने घासून चकचकीत करू नका. आम्हाला चमक नको, कडेवरची अक्षरे हवी आहेत.

वंशावळ बहुतेक घरांत तयारच असते. जात पडताळणीसाठी कोणीतरी कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर काढून ती केलेली असते. तीच आणा, नव्याने खर्च करू नका. तिच्यात एक उणीव असते: ती बापाकडून चालते, त्यामुळे बायका त्यात जवळजवळ नसतातच. लढाईवर गेलेला माणूस आईचा आजोबा किंवा आत्याचा सासराही असू शकतो. उलट फौजी पेन्शनच्या कागदांत वारस म्हणून विधवेचे नाव लिहिलेले असते. वंशावळीत नसलेली पणजी अशा कागदात सापडू शकते.

आता डायरी. घरची डायरी बहुधा हिशेबाची वही असते: कोणाला किती उसने दिले, घरी किती पाठवले. मोडीत असली तरी चालेल, आम्ही वाचून देवनागरीत उतरवून देतो. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता, हे लक्षात ठेवून त्या वहीतले आकडे वाचावे लागतात. पलटणीची डायरी वेगळी. ती अधिकारी लिहीत. त्यात कूच, मुक्काम, मेलेल्या-जखमी झालेल्यांची संख्या असते. साध्या शिपायाचे नाव क्वचितच. भारतीय पलटणींच्या अशा डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दोन्ही डायऱ्या तारखेला तारीख लावून वाचल्या की काम होते. समजा, पणजोबांची पत्रे डिसेंबर १९१५ मध्ये एकाएकी थांबली. मग आम्ही आधी इराकमधले कूत अल-अमारा बघतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेने शरणागती पत्करली. पुढची कैद तुर्कांची.

लढाईत मरण पावलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर फुकट बघता येतात. ते आधी तुम्हीच बघा, त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका. नाव गणपत असेल तर त्याचे इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी करून बघा. गाव आजच्या गडचिरोली किंवा गोंदिया जिल्ह्यातले असेल तर नोंद ‘चांदा’ किंवा ‘भंडारा’ या नावाने शोधा, कारण गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरमधून (जुने नाव चांदा) आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. बसरा स्मारकावर भारतीय शिपायांची नावे न कोरता फक्त संख्या कोरली होती. त्यामुळे कोणी तिथला फोटो आणून दिला आणि त्यात नाव दिसले नाही, तर माणूस तिथे नव्हता असे समजू नका.

घरची गोष्ट आणि कागद यांचा मेळ नेहमी बसत नाही. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली आणि महार रेजिमेंट १९४१ मध्ये नव्याने उभी झाली. ‘आबाजी १९३० मध्ये महार पलटणीत होते’ असे सांगितले जात असेल तर काहीतरी सरमिसळ झालेली आहे, आणि आम्ही तसे लिहून देतो. तोफखान्याचा गोलंदाज समजलेला माणूस खेचरे हाकणारा किंवा पाणी वाहणारा भिस्ती निघू शकतो. पाण्यावाचून फौज एक दिवस चालत नाही, पण हे सगळ्यांना पटतेच असे नाही. अहवालात आम्ही बढती देत नाही!

१९६२, १९६५ किंवा १९७१ च्या लढाईतल्या माणसाचा सेवा-तपशील त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागावा लागतो: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महारसाठी मध्य प्रदेशातले सागर, ब्रिगेड ऑफ द गार्ड्ससाठी आपले कामठी. अर्ज आम्ही तयार करतो, सही मात्र वारसाचीच लागते.

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. पुढचा खर्च कामाआधी लेखी कळवतो, आणि काही सापडले नाही तरी कुठे कुठे शोधले ते लिहून मिळते. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. तुमच्यासमोर फोटो काढून लगेच परत करतो.