मराठीची चाचणी मागवलीत? प्रश्नाला हात लावण्याआधी हे वाचा

बँका, पतसंस्था आणि कॉल सेंटरमधल्या परप्रांतीय कर्मचाऱ्यांसाठी आम्ही मराठीच्या चाचण्या तयार करतो. "चाळीस प्रश्नांना तीन आठवडे कशाला?" असा फोन वरचेवर येतो. प्रश्न लिहायला चार-पाच दिवस पुरतात, बाकीचा वेळ पूर्वचाचणीचा, म्हणजे प्रश्न आधी काही उमेदवारांवर चालवून बघण्याचा. तो लांबतो, ते बहुधा शेवटच्या दिवशी कुणीतरी केलेल्या 'छोट्याशा' बदलामुळे.

ऐकण्याच्या भागातला आमचा एक प्रश्न बघा. काउंटरवरच्या बाई म्हणतात, "कर्जाच्या कागदांसाठी फार यातायात झाली हो." त्यांची तक्रार काय? पहिला पर्याय, रस्त्यावर वाहनं फार होती. दुसरा, खूप दगदग झाली. हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक, त्यामुळे मराठी कानावरून न गेलेला हिंदीभाषक बेधडक पहिल्यावर खूण करतो. प्रश्नाचं काम तेच आहे.

एका ग्राहकाकडच्या साहेबांना हा शब्द बोजड वाटला. पूर्वचाचणी झाल्यावर त्यांनी तिथे 'त्रास' घातला आणि पेपर छापला. सगळ्यांचं उत्तर बरोबर! म्हणजे तो प्रश्न नसल्यातच जमा. वर उत्तीर्णतेची रेषा जुन्या प्रश्नांवर आखलेली, ती कोलमडली ती वेगळीच.

पूर्वचाचणीत आम्ही एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के उमेदवार वेगळे काढतो. वरच्यांत किती टक्के बरोबर, खालच्यांत किती, हा फरक म्हणजे प्रश्नाची भेदकता. ती ०.२० च्या, म्हणजे २० टक्क्यांच्या, खाली गेली की प्रश्न बाद, मग तो आमच्या कितीही लाडका असो. शब्द बदलला की हा आकडा उरत नाही. बरोबर पर्यायात "वाद नको" म्हणून दोन शब्द वाढवले तरी तेच होतं. तो सगळ्यात लांब दिसतो आणि मराठीचा गंध नसलेलाही तोच निवडतो.

"कर्मणी प्रयोग ओळखा" असे प्रश्न का नाहीत, असंही विचारतात. खातेदार काउंटरवर प्रयोग विचारत नाही म्हणून. स्पर्धा परीक्षेच्या सरावासाठी हवे असतील तर जरूर काढून देऊ.

बोलण्याच्या चाचणीला दोन परीक्षक ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे ऐकतात. दोघांनी दिलेल्या पातळ्यांत एकाहून जास्त पातळीचा फरक पडला तर तिसरा ऐकतो. एकच परीक्षक स्वस्त पडतो, हे खरं. पण नापास झालेला माणूस दाद मागायला आला की तुमच्या हातात काहीतरी हवं.

बदल सुचवायचे ते कच्च्या मसुद्यावर सुचवा. कितीही करा, शुल्क नाही. नंतर बदललेला प्रश्न नव्या उमेदवारांवर चालवून बघावा लागतो, त्याचं वेगळं बिल लागतं. तुमच्याकडे जुना पेपर असेल तर उत्तरपत्रिकांसह घेऊन या. त्यातले कुठले प्रश्न अजून कामाचे आहेत ते मोफत सांगू. उमेदवारांची नावं तेवढी खोडून आणा.