दाखला अडलाय? लोकसेवा हक्क आयोगापर्यंत अपील कसं करायचं

अर्जाची पोचपावती हातात नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. आधी ती घेऊन या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार सेवा देण्याची मुदत मोजतात ती सगळे कागद जोडून परिपूर्ण अर्ज दिल्यापासून, आणि ती तारीख पावतीवरच असते. सेवा केंद्रातला मुलगा "सर्व्हर डाऊन आहे, कागद ठेवून जा, नंतर चढवतो" म्हणाला आणि तुम्ही ठेवून आलात, तर कायद्याच्या लेखी अर्ज झालेलाच नाही. माझे असे दहा दिवस गेलेत.

अपील कोणाला करता येतं? सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेली हवी आणि तुम्ही तिला पात्र हवेत, एवढंच. कार्यालयातल्या फलकावर सेवा, तिची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) आणि दोन्ही अपिलीय अधिकारी लिहिलेले असतात. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, की 30 दिवसांत पहिलं अपील. ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. अर्ज फेटाळताना लेखी कारण देणं बंधनकारक आहे. तोंडी "होणार नाही" ऐकून परत फिरू नका, कागद मागा. पहिल्या अपिलाचा निकाल पटला नाही तर पुढच्या 30 दिवसांत दुसरं अपील, तेही खात्यातच. बहुतेकांचं काम इथवर येईपर्यंत होऊन जातं, कारण वरून विचारणा झाली की टेबलावरची फाईल हलते.

तिसरं अपील मात्र खात्याबाहेर, राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दुसऱ्या अपिलाच्या आदेशापासून 60 दिवसांच्या आत ते करायचं. सोबत पोचपावती, नकाराचं पत्र, दोन्ही अपिलं आणि त्यांवरचे आदेश यांच्या प्रती लावा. अर्ज लांबलचक नको: कोणत्या तारखेला काय दिलं, मुदत कधी संपली, काय मागणं आहे. साहेब कसे बोलले, हे त्यात घालू नका. आयोग तारखा बघतो.

सबळ कारण नसताना सेवा दिली नाही, असं ठरलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. 'आपले सरकार' पोर्टलवरून अर्ज केला असेल तर अपीलही तिथूनच, त्याच अर्ज क्रमांकावर करता येतं.