हार्ड आणि हार्डली

नोकरीच्या अर्जात कुणी ‘आय वर्क हार्डली’ असं लिहितं, तेव्हा त्याला म्हणायचं असतं की मी कसून काम करतो. वाचणाऱ्याला मात्र कळतं, मी फारसं काम करत नाही. वाईट याचं वाटतं की ही चूक नियम पाळल्यामुळे होते. विशेषणाला ‘ली’ लावला की क्रियाविशेषण होतं, हे शाळेत घोकलेलं असतं. क्विकचं क्विकली, तसं हार्डचं हार्डली!

पण हार्डला त्या ‘ली’ची गरज नव्हती. जुन्या इंग्रजीत या विशेषणाच्या शेवटी एक स्वर जोडून क्रियाविशेषण होत असे. पुढे तो स्वर झिजला आणि दोन्ही रूपं एकसारखी झाली. म्हणून ‘शी वर्क्स हार्ड’, ‘इट रेन्ड हार्ड’. फास्टचंही असंच झालं.

हार्डलीसुद्धा जुनाच. त्याचा अर्थ आधी ‘कठोरपणे’ असा होता, मग ‘कष्टाने’ झाला. 1611च्या किंग जेम्स बायबलात, श्रीमंतांना देवाच्या राज्यात शिरणं किती अवघड, हे सांगायला हार्डलीच वापरलंय. आणि जे कष्टाने होतं, ते जेमतेमच होतं. मराठीत आपणही याच वाटेने गेलोय. ‘सभेला मुश्किलीने दहा माणसं असतील’ म्हणताना त्या दहांना यायला त्रास झाला, असं कुठे सांगायचं असतं? दहासुद्धा धड नव्हती, एवढंच सांगायचं असतं. हार्डलीसाठी मला याहून जवळचा मराठी शब्द सापडलेला नाही.

आपल्याला खरा अडथळा होतो तो नकाराचा. ‘मला फारसं ऐकू येत नाही’ यात ‘नाही’ लागतंच. हार्डलीच्या पोटात तो नकार आधीच असतो. म्हणून ‘आय कान्ट हार्डली हिअर’ प्रमाण इंग्रजीत चालत नाही, ‘आय कॅन हार्डली हिअर’ म्हणायचं. जागाही वेगळी: हार्ड क्रियापदानंतर येतो, हार्डली बहुधा मुख्य क्रियापदाच्या आधी.

वाक्याच्या सुरुवातीला आला, तर हार्डली पुढचा क्रम उलटवतो: ‘हार्डली हॅड आय सॅट डाउन व्हेन द फोन रँग.’ इथे ‘व्हेन’ हवा. ‘दॅन’ असतो तो ‘नो सूनर’चा जोडीदार. मराठीत म्हणाल तर, बसतो न बसतो तोच फोन वाजला.