पहिला तास: आई आणि बाळाला एकत्र ठेवण्यामागचा इतिहास

खानदेशात घरच्या बाळंतपणात बाळ आईच्या कुशीतच असे, पण पहिलं दूध त्याला मिळत नसे. अनेक घरांत बाळाला लगेच आंघोळ घालत, चीक पिळून टाकत आणि दोन-तीन दिवस गूळपाणी किंवा मध चाटवत. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या आईला पैसे देणाऱ्या 2005 च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणं दवाखान्यांकडे वळली. तिथे चीक पाजायला सांगतात, पण नाळ कापताच बाळ वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या टेबलावर) आणि वजनकाट्यावर जातं. म्हणजे पहिला तास दोन्हीकडे हुकला.

ही ताटातूट मोठ्या रुग्णालयांनी जंतुसंसर्गाच्या धास्तीने बाळांसाठी वेगळ्या खोल्या केल्या तेव्हाची. तिला पहिला मोठा धक्का 1972 मध्ये अमेरिकेतल्या क्लाउस आणि केनेल या बालरोगतज्ज्ञांनी दिला. 28 मातांपैकी निम्म्यांना त्यांनी पहिल्या तीन दिवसांत बाळासोबत 16 तास जास्त दिले. महिन्याभराने त्या माता बाळाला जास्त जवळ घेताना दिसल्या. अभ्यास लहान होता. ‘ते तास हुकले की नातं कच्चं राहतं’ हा त्यातून निघालेला अर्थ पुढे टिकला नाही, आणि सिझेरियन झालेल्या आईला तो ऐकवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

शरीराच्या बाजूचे पुरावे मात्र भक्कम ठरले. 1987 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नोंदवलं की आईच्या पोटावर ठेवलेलं बाळ साधारण तासाभरात स्वतःच स्तनापर्यंत सरकतं. महाराष्ट्रात युनिसेफने 2007 मध्ये याच पद्धतीचा प्रचार केला.

कृती सोपी आहे, बिघडते ती घाईत. बाळ रडलं की कोरड्या कापडाने पुसायचं, पण हात पुसायचे नाहीत. त्यांवरचा गर्भजलाचा वास त्याला स्तनाकडे नेतो. ओलं कापड काढून बाळ उघड्या अंगाने आईच्या छातीवर पालथं, मान एका कुशीला, नाक मोकळं. डोक्यावर टोपी, वरून दोघांवर कोरडं पांघरूण. नाळ 1 ते 3 मिनिटांनी कापायची. वजन आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन तासभर थांबू शकतात, आंघोळ 24 तास. खोली 25 ते 28 अंशांवर हवी. सातपुड्यात पौष-माघात दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करूनच हे जमतं. आई गुंगीत असेल तर बाळाचं नाक दबू शकतं, म्हणून पहिले दोन तास कुणीतरी नजर ठेवून बसलंच पाहिजे.

कमी वजनाच्या बाळांना तर याची गरज सर्वांत जास्त. कोलंबियातल्या बोगोटात 1970 च्या दशकाअखेर इन्क्युबेटर अपुरे पडल्याने डॉ. एडगर रे यांनी अशी बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. 2021 मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीत 1 ते 1.8 किलोच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी घेतलं, तर 28 दिवसांतले मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी घटले. सातपुड्यातल्या धडगावहून घाट उतरून नंदुरबारला न्यायच्या अशा बाळाला दुपट्यात गुंडाळून नातेवाइकाच्या मांडीवर देऊ नये. आई सोबत असेल तर तिच्या छातीशी, नसेल तर आजीच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी बांधूनच गाडीत बसवावं.